मुष्टिफंड आणि मुक्त सॉफ्टवेअर

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या आपल्या संगणक-प्रणालीला मोफत सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचे नियमित काम थांबविले. काही अटी मान्य करून किंवा पैसे भरून थोडी मुदतवाढ मिळते. परंतु मुदतवाढ म्हणजे मालकी नव्हे. नव्या प्रणालीसाठी कंपनीने यंत्राविषयी ज्या अटी घातल्या आहेत, त्या काही वर्षांपूर्वी घेतलेले कितीतरी संगणक पुऱ्या करू शकत नाहीत. यंत्र चालू आहे, कळफलक शाबूत आहे, पडद्यावर अक्षर स्वच्छ दिसते. तरीही ते यंत्र जुने ठरले, कारण दूरदेशीच्या एका कंपनीने तसे ठरविले. सातारा-सांगलीकडच्या एखाद्या माध्यमिक शाळेत, पतसंस्थेत किंवा दूध संस्थेच्या कार्यालयात असे यंत्र असेल, तर तेथील चालकांना दोनच मार्ग सांगितले जातात : नवे यंत्र विकत घ्या, नाहीतर धोका पत्करा. तिसराही एक मार्ग आहे. त्याच यंत्रावर दुसरी, कोणाच्याही खाजगी मालकीची नसलेली प्रणाली बसविता येते आणि यंत्र पुढे कित्येक वर्षे कामास येते. हा मार्ग विक्रेता सांगत नाही, कारण त्यात त्याला विकण्यासारखे फारसे काही नसते.

या तिसऱ्या मार्गाला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. इंग्रजीतल्या ‘फ्री’ या एका शब्दातून फुकट आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ निघत असल्याने त्या भाषेत या विषयाचा पुष्कळ घोटाळा झाला. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत. तेव्हा तो घोटाळा करण्याचे कारण नाही. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. त्यामागील भूमिका चार अधिकारांची आहे. आज्ञावली कोणत्याही कामासाठी वापरण्याचा अधिकार, तिची आतील रचना अभ्यासून तीत बदल करण्याचा अधिकार, शेजाऱ्याला प्रत देण्याचा अधिकार आणि सुधारलेली प्रत सर्वांना वाटण्याचा अधिकार. १९८९ साली आलेल्या त्यांच्या परवान्यात एक महत्त्वाची अट होती : ज्याने ही आज्ञावली घेतली, सुधारली आणि पुढे वाटली, त्याने हेच अधिकार पुढच्या माणसालाही दिले पाहिजेत. म्हणजे सामाईक मालमत्तेला कोणी खाजगी कुंपण घालू नये, यासाठी मालमत्तेचाच कायदा उलटा वापरला गेला. १९९१ साली हेलसिंकीतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा लिहून प्रसृत केला आणि या चळवळीला पायाभूत यंत्रणा मिळाली. आज जगातील बहुसंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात आणि शेतकऱ्याच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही वस्तू विलक्षण आहे. एका शेताला दिलेले पाणी दुसऱ्या शेताला मिळत नाही; आज्ञावलीची प्रत मात्र लाख माणसांना दिली तरी मूळ प्रतीतून काही कमी होत नाही. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होते की, येथे खर्चाचा प्रश्नच उरत नाही. ही समजूत चुकीची आहे. विहीर एकदा खोदली तरी तिच्यातील गाळ दरवर्षी काढावाच लागतो. प्रत काढण्याचा खर्च शून्य असेल. परंतु आज्ञावली लिहिण्याचा, तपासण्याचा, तीत सापडलेली छिद्रे बुजविण्याचा, नवख्याला समजावून सांगण्याचा आणि ती मराठीत आणण्याचा खर्च शून्य नाही. तो कोणीतरी देत असते. बाजार देत नाही. मग कोण देते? आजवर या प्रश्नाचे मुख्य उत्तर देणगीदार आणि स्वयंसेवक असेच राहिले आहे.

कृष्णाकाठच्या माणसाला हे उत्तर नवे वाटू नये. १९१९ साली कराडजवळच्या काले गावी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यात आले. त्या संस्थेच्या वसतिगृहांत जी मुले जेवली, त्यांच्या ताटातील भाकरी मुष्टिफंडातून आली होती. घरोघरच्या बायका दळायला बसण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढीत. ज्या घराला शंभर रुपयांची देणगी देणे जन्मात शक्य नव्हते, ते घरही मूठभर ज्वारीने संस्थेचे आश्रयदाते झाले. लक्ष्मीबाई पाटलांनी तर वसतिगृहातील मुलांसाठी अंगावरचे दागिने मोडले. मुक्त सॉफ्टवेअरला मिळणाऱ्या देणग्यांचे मूळ रूप असेच आहे : पुष्कळांनी दिलेले थोडे थोडे.

ही मूठ निरनिराळ्या प्रकारची असते. कोणी पैसे देतो. एखादे विद्यापीठ आपल्या सर्व्हरवर प्रती ठेवण्यास जागा देते. कोणी रात्री जागून आज्ञावलीतील दोष शोधतो, कोणी माहितीपुस्तिका लिहितो. पडद्यावरील एकेका इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द शोधणारेही यातच येतात. ‘फायरफॉक्स’ हा ब्राउझर आणि ‘लिब्रेऑफिस’ हा कार्यालयीन कामाचा संच मराठीत वापरता येतो, तो अशा श्रमांमुळे. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया अशाच बिनवेतन लेखकांच्या बळावर उभा आहे. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप हे विद्यार्थ्यांचे मंडळ आहे. तेथे वरच्या वर्गातील मुले खालच्या वर्गातील मुलांना ही प्रणाली शिकवितात. शिकलेल्याने न शिकलेल्याला शिकविणे ही रयतेच्या वसतिगृहांतली रीत या जिल्ह्यांनी कधी सोडलेली नाही.

मात्र नुसती मूठ जमा झाल्याने संस्था उभी राहत नाही. धान्य कोणाच्या कोठारात गेले आणि कोठाराची किल्ली कोणाकडे आहे, हे पाहावे लागते. १९८० च्या दशकात सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी-बलवडी येथे येरळा नदीवर लोकांनी बळीराजा धरण बांधले. दुष्काळाने पिचलेले शेतकरी आणि १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतून गावी परतलेले कामगार मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले होते. नदीतील वाळू ठेकेदारांनी उपसून न्यावी आणि गावाने कोरड्या पात्राकडे पाहत बसावे, हा न्याय त्यांनी नाकारला. गावकऱ्यांनी स्वतः वाळू विकून उभा केलेला पैसा, शहरांतील हितचिंतकांचे अर्थसाहाय्य आणि श्रमदान यांतून ते धरण झाले. त्या धरणाचे खरे महत्त्व त्याच्या भिंतीपेक्षा त्याच्या नियमांत आहे. भूमिहीनांनाही पाण्याचा वाटा असावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. देणगी आली ती उपकार म्हणून राहिली नाही, तिचे हक्कात रूपांतर झाले.

मुक्त सॉफ्टवेअरमधील ज्या समुदायांनी हे ओळखले, ते टिकले. १९९३ साली सुरू झालेल्या ‘डेबियन’ प्रकल्पाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. जगभर पसरलेले सुमारे हजार सभासद दरवर्षी मतदानाने आपला नेता निवडतात. १९९७ साली त्यांनी वापरणाऱ्यांशी केलेला सामाजिक करार लेखी स्वरूपात स्वीकारला. देणग्यांचा पैसा सांभाळण्यासाठी स्वतंत्र विश्वस्त संस्था आहे. तो यंत्रसामग्री, परिषदा आणि प्रवास यांवर खर्च होतो. देणगीदाराला मतदानाचा अधिकार मिळत नाही; तो काम करणाऱ्या सभासदाला मिळतो. २०२३ साली या प्रकल्पाची जागतिक परिषद केरळात कोची येथे भरली. सहकारी चळवळीच्या जिल्ह्यांत वाढलेल्या वाचकाला ही घटना ओळखीची वाटेल. आपल्याकडच्या कित्येक सहकारी संस्थांचे सभासद या बाबतीत तिचा हेवाही करतील.

येथपर्यंतचे चित्र समाधानकारक आहे, पण ते पुरे नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीत ‘हार्टब्लीड’ नावाने कुप्रसिद्ध झालेले एक मोठे छिद्र उघडकीस आले. बँकांचे व्यवहार आणि लोकांचे गुप्त संकेतशब्द ज्या कुलपाच्या भरवशावर असतात, असे ते कुलूप होते. जगातील बलाढ्य कंपन्या ते वापरीत होत्या. आणि त्या प्रकल्पाला देणग्या मिळत होत्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर. पूर्ण वेळ काम करणारा माणूस एक. गाजावाजा झाल्यावर कंपन्यांनी निधी उभारला. दहा वर्षांनी, मार्च २०२४ मध्ये, ‘एक्सझेड’ या छोट्या पण सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनात कोणीतरी चोरवाट बसविल्याचे आढळले. ते साधन फिनलंडमधील एक गृहस्थ वर्षानुवर्षे बिनवेतन सांभाळीत होते. आपली काम करण्याची शक्ती मर्यादित झाली आहे, हे त्यांनी २०२२ सालीच उघडपणे लिहिले होते. त्यांच्या मदतीला पैसा आला नाही. आला तो खोटे नाव धारण करणारा एक ‘स्वयंसेवक’. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ निष्ठेने काम करून विश्वास संपादन केला आणि मग घात केला. एका दक्ष अभियंत्याला आपल्या यंत्रात अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणून अनर्थ टळला.

या दोन घटनांचा अर्थ मुक्त सॉफ्टवेअर असुरक्षित असते असा काढणे म्हणजे विहिरीचा गाळ काढला नाही म्हणून पाण्याला दोष देणे होय. छिद्र उघडपणे दिसू शकले ते रचना उघडी होती म्हणूनच. खरा अर्थ वेगळा आहे. सगळ्या जगाचा भार एका थकलेल्या माणसाच्या सद्भावनेवर टाकून जग निवांत झोपले होते.

आणि हे जग म्हणजे नेमके कोण? २०१९ साली आयबीएम कंपनीने ‘रेड हॅट’ ही मुक्त सॉफ्टवेअरवर व्यवसाय करणारी कंपनी ३४ अब्ज डॉलरना विकत घेतली. सामाईक गायरानावर चरून पुष्ट झालेल्या गुरांचे दूध कोणाच्या डेअरीत जाते, हे यावरून कळते. भांडवलशाहीने या चळवळीचा पराभव केला नाही. तिने तिला कच्चा माल करून टाकले. लिनक्सच्या गाभ्याचे आजचे बहुतांश काम कंपन्यांचे पगारी अभियंते करतात, हे खरे आहे आणि त्यांचे श्रम कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कंपनी आपल्याला लागणाऱ्या भागावरच पैसा लावते. मराठी शब्दसंग्रह, दृष्टिहीनांसाठी पडदा वाचून दाखविणारे साधन, जुन्या यंत्रांवर चालणारी हलकी प्रणाली यांतून तिला नफा दिसत नाही. म्हणून तेथे पुन्हा स्वयंसेवकाचीच मूठ पुढे येते.

मग कंपन्यांनीच अधिक देणग्या द्याव्यात, असे सुचविले जाते. काही देतातही. भारतातील ‘झिरोधा’ या शेअर-दलाली कंपनीने २०२४ साली मुक्त सॉफ्टवेअरसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी जाहीर केला. शेअरबाजाराच्या पैशातून का होईना, गाळ काढला जात असेल तर त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. तथापि मोठ्या देणगीची एक किंमत असते. ‘फायरफॉक्स’ चालविणाऱ्या मोझिलाच्या उत्पन्नाचा बहुतांश भाग अनेक वर्षे गूगलशी झालेल्या करारातून येत आहे. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करावयाची त्याच्याच ओंजळीने पाणी प्यावे लागते. साताऱ्यात एक आठवण अजून सांगतात. मोठ्या रकमेच्या बदल्यात शिवाजी कॉलेजचे नाव बदला, असे सुचविणाऱ्या धनिकाला भाऊरावांनी रित्या हातांनी परत पाठविले. हे त्यांना शक्य झाले, कारण त्यांच्या पाठीशी मुष्टिफंड होता. लहान देणग्यांचे खरे मोल त्यांच्या बेरजेत नसते. मोठ्या देणगीदाराला ‘नाही’ म्हणण्याचे बळ त्या देतात.

स्वयंसेवेबद्दलही डोळस विचार केला पाहिजे. बिनवेतन काम करावयास मोकळा वेळ लागतो आणि मोकळा वेळ ही समाजात सर्वांत विषम वाटली गेलेली मालमत्ता आहे. पुण्यातील सुस्थित घरातला मुलगा सुटीत आज्ञावली लिहून नाव कमावतो आणि त्या नावावर पुढे नोकरी मिळवितो. जत किंवा माण तालुक्यातून शिकायला आलेल्या, सुटीत घरच्या रानात राबणाऱ्या मुलीला हे कसे परवडावे? तिची बुद्धी कमी नाही. तिचा दिवस तिच्या हातात नाही. केवळ स्वयंसेवेवर चालणारी चळवळ नकळत ज्यांना परवडते त्यांची चळवळ होते. मूठ काढणाऱ्या बायकांची नावे इतिहासात नोंदली गेली नाहीत, हेही या ठिकाणी लक्षात ठेवावे. श्रमाचा गौरव करून त्याचा मोबदला चुकविण्याची युक्ती भांडवलदारांनाच ठाऊक आहे असे नाही. सेवाभावी मंडळीही ती अजाणता वापरतात.

या प्रश्नाचे उत्तरही साताऱ्यातच सापडते. भाऊरावांनी गरीब विद्यार्थ्याला केवळ दानावर जगविले नाही. ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने त्याच्या श्रमाला किंमत दिली. शेतात, बांधकामावर, बागेत केलेल्या कामातून मुलांनी आपले शिक्षण कमावले. आज महाविद्यालयांतून या नावाच्या योजना चालतात. त्यांत बागकाम आणि ग्रंथालयातील कामाबरोबर मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठीकरणाचे, शाळांतील जुनी यंत्रे दुरुस्त करून त्यांवर नवी प्रणाली बसविण्याचे आणि शिक्षकांना ती शिकविण्याचे तास धरले जावेत. एवढ्या एका निर्णयाने माणच्या मुलीला या क्षेत्राचे दार उघडेल आणि विटा, तासगाव, फलटण, कोरेगाव येथील शाळांची यंत्रेही चालू राहतील.

अखेरचा प्रश्न शासनाचा आहे. लोकवर्गणीचे गोडवे गाऊन शासनाला जबाबदारीतून मोकळे करणे हा समाजवादी विचार नव्हे. १९४८ साली मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले, तेव्हा लोक संस्थेच्या मागे उभे राहिले. पण अनुदान परत मिळावे ही मागणी संस्थेने सोडली नाही. लोकांची मूठ आणि शासनाचे अनुदान यांत विरोध नाही. मूठ संस्थेला स्वातंत्र्य देते, अनुदान तिला स्थैर्य देते. वाईच्या कृष्णाकाठी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सार्वजनिक पैशातून उभे राहिले आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला. तो विश्वकोश आज कोणालाही मोबदल्याविना संगणकावर वाचता येतो. ज्ञानाच्या सामाईक साठ्यासाठी महाराष्ट्राने खर्च केला, त्याला कोणी उधळपट्टी म्हटले नाही. केरळने २००० नंतरच्या दशकात शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर आणले; मल्याळम भाषेसाठी २००२ पासून झटणाऱ्या स्वयंसेवकांच्या कामाला तेथे असा शासकीय आधार मिळाला. जर्मनीने २०२२ साली मुक्त आज्ञावलींच्या देखभालीसाठी सरकारी निधी सुरू केला. भारत सरकारने २०१५ साली आपल्या कचेऱ्यांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. वापराचे धोरण आले, परंतु ज्यांच्या श्रमाचा वापर करावयाचा त्यांच्या पोषणाची तितकी ठोस तरतूद आली नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट शब्दांत मांडली पाहिजे. जनतेच्या पैशातून लिहून घेतलेली प्रत्येक आज्ञावली जनतेला मुक्तपणे उपलब्ध झाली पाहिजे. शासनाने मुक्त सॉफ्टवेअर वापरून परवान्यांवरचा जो खर्च वाचविला, त्याचा ठराविक हिस्सा देखभालीच्या निधीत जमा झाला पाहिजे. हा निधी मंत्र्याच्या मर्जीवर न चालता काम करणाऱ्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींनी चालवावा.

शासनाकडे मागणी करणाऱ्याने स्वतःच्या घरापासून आरंभ करावा, हे ओघानेच येते. साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, पतसंस्था, दूध संघ आणि शिक्षण संस्था यांच्या सर्वसाधारण सभांत पक्षाचे कार्यकर्ते आणि सहानुभूतीदार सभासद म्हणून बसतात. तेथे ‘संगणकावर किती खर्च झाला आणि त्यातला किती परवान्यांवर गेला’ हा साधा प्रश्न त्यांनी विचारावा. वाचणाऱ्या रकमेचा दहावा हिस्सा मुक्त सॉफ्टवेअरच्या समुदायांना द्यावा, असा ठराव मांडावा. पक्षाच्या तालुका कचेऱ्यांतील जुनी यंत्रे भंगारात घालण्यापूर्वी जवळच्या महाविद्यालयातील मुलांना बोलावून त्यांवर मुक्त प्रणाली बसवून घ्यावी आणि त्या मुलांना त्यांच्या श्रमाचे दाम द्यावे. चळवळीची जी कागदपत्रे खाजगी कंपन्यांच्या जुन्या फॉन्टांत अडकून पडली आहेत, ती युनिकोडमध्ये आणावीत. नाहीतर उद्याच्या अभ्यासकाला ती वाचता येणार नाहीत.

यातील कोणतेही काम मोठे नाही. मूठभर ज्वारीही मोठी नव्हती. ती रोज काढली गेली, तिचा हिशेब ठेवला गेला आणि तिच्यावर मूठ देणाऱ्यांचा हक्क राहिला, म्हणून तीतून शाळा उभ्या राहिल्या. मुक्त सॉफ्टवेअरचे कोठार आज जगभरच्या अज्ञात माणसांनी भरले आहे आणि सातारा-सांगलीतील प्रत्येक संस्था, जाणून असो वा नसो, त्यातले धान्य खाते आहे. आता त्या कोठारात आपलीही मूठ टाकण्याची आणि त्याच्या किल्लीवर हक्क सांगण्याची वेळ आली आहे.